भट्टीपुढचा उन्हाळा आणि चाळीस रुपयांचा भत्ता

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मोल्डिंग विभागात काम करतो आणि आमच्या संघटनेचा युनिट सेक्रेटरी आहे. कारखान्यात १८० कायम आणि ११० कंत्राटी कामगार आहेत. गेल्या मे महिन्यात दुपारच्या पाळीत ओतकाम करणारा २६ वर्षांचा एक कंत्राटी कामगार अचानक असंबद्ध बोलू लागला आणि कोसळला. “तालमीतला गडी आहे, घटकाभर सावलीत बसला की उठेल,” असे म्हणून सुपरवायझरने त्याला शेडबाहेर बसवले आणि नंतर रिक्षाने घरी पाठवले. रात्री त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने तो वाचला, पण कारखान्यात या घटनेची कसलीही नोंद झालेली नाही. यंदा आम्ही उन्हाळ्याचा विषय काढला तेव्हा व्यवस्थापनाने सांगितले, की कोल्हापुरात उष्णतेची लाट जाहीर होतच नाही, फौंड्री म्हटली की उष्णता असणारच आणि फार तर एप्रिल-मेसाठी रोज ४० रुपये ‘उष्णता भत्ता’ देता येईल. आमचे प्रश्न तीन आहेत. लाट जाहीर झाली नसताना आम्हाला काही मागता येते का? दुपारी असह्य झाल्यास काम थांबवता येते का? आणि हा भत्ता घ्यावा का? सभासदांपैकी बरेच जण घ्यावा म्हणतात.

सप्रेम नमस्कार,

आपल्या पहिल्या प्रश्नात व्यवस्थापनाची भाषा नकळत शिरली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. उष्णतेची लाट ही हवामान खात्याची व्याख्या आहे आणि ती प्रदेशासाठी केलेली आहे, कारखान्याच्या शेडसाठी नाही. सपाट प्रदेशातील केंद्रावर कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले आणि ते तेथील सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, की लाटेचा निकष लागू होतो. पारा ४५ अंशांवर गेला तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि सह्याद्रीला लागून आहे, त्यामुळे आपल्याकडचा उन्हाळा विदर्भ-मराठवाड्यासारखा पेटत नाही आणि एप्रिल-मेचे सरासरी कमाल तापमान चाळिशीच्या आतच राहते. म्हणजेच ज्या निकषाची वाट पाहायला आपल्याला सांगितले जात आहे, तो या शहरात क्वचितच पूर्ण होतो. शिवाय हवामान केंद्रावरचा तापमापक सावलीत, मोकळ्या हवेत, जाळीदार पेटीत ठेवलेला असतो. आपला माणूस तापलेल्या पत्र्याखाली, सुमारे १,४०० ते १,५०० अंशांच्या वितळलेल्या लोखंडापासून हाताच्या अंतरावर, जाड एप्रन घालून उभा असतो. वर्तमानपत्रातील ३८ अंशांचा त्याच्या शरीराशी फारसा संबंध नाही.

आणि ३८ अंश म्हणजे सुरक्षित, असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील शासकीय पुरस्कार सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला, तेव्हाही त्या परिसरातील पारा चाळिशीच्या आतच नोंदवला गेला होता. तिथे कडक ऊन आणि दमट हवा एकत्र आली होती. घामाने शरीर थंड होते ते घाम वाळला तर. हवेत बाष्प वाढले की घाम नुसता ओघळतो आणि आतील उष्णता आतच साठते. आपल्याकडे मे महिन्यात वळीव पडून गेल्यानंतरचे दोन-तीन दिवस शेडमध्ये जी घुसमट होते, ती याच कारणाने. बाहेर लोक ‘गारवा आला’ म्हणतात, पण ओतकाम करणाऱ्यांसाठी ते दिवस कोरड्या उन्हापेक्षा वाईट असू शकतात. म्हणून आपली मागणी लाटेच्या घोषणेला बांधू नका. बांधलीत तर व्यवस्थापन ती आनंदाने मान्य करील आणि तिचा उपयोग कधीच होणार नाही.

कायद्याने या बाबतीत हवामान खात्याकडे बोट दाखवलेले नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १३ प्रमाणे प्रत्येक कामाच्या खोलीत पुरेशी खेळती हवा आणि कामगारांना वाजवी सोयीचे वाटेल व आरोग्यास अपाय होणार नाही असे तापमान राखणे ही मालकाची जबाबदारी होती. भिंती आणि छप्पर तापमान शक्य तितके कमी राहील अशा साहित्याचे व रचनेचे असावे आणि जिथे प्रक्रियाच अतिउष्ण आहे तिथे ती कामाच्या जागेपासून वेगळी करून, तापलेले भाग उष्णतारोधक आवरणाने झाकून किंवा इतर परिणामकारक उपायांनी कामगारांचे रक्षण करावे, असे तेच कलम सांगत होते. “फौंड्री म्हटली की उष्णता असणारच” या वाक्याला १९४८ सालीच दिलेले हे उत्तर आहे. उष्णता असणार हे कायद्याने गृहीतच धरले आणि म्हणूनच अशा ठिकाणी जबाबदारी वाढवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली. त्यामुळे “तो जुना कायदा आता नाही” असे आपल्याला ऐकवले जाण्याची शक्यता आहे. ऐकून घ्या, पण गोंधळू नका. नव्या संहितेच्या कलम २३ मध्येही हवा, तापमान, आर्द्रता आणि पिण्याचे पाणी यांची जबाबदारी मालकावरच आहे आणि जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, संक्रमणकाळात चालू राहतात. अर्ज लिहिताना संहितेचे कलम आणि जुन्या अधिनियमाचे कलम या दोन्हींचा उल्लेख करावा, म्हणजे कोणता कायदा लागू यावर पत्रव्यवहारात दोन महिने जाणार नाहीत. कामगाराला नेमके हेच दोन महिने परवडत नसतात.

आता मोजणीविषयी, कारण माझ्या मते आपल्या सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. “फार उकडते” या तक्रारीला कोणीही “सगळीकडेच उकडते” असे उत्तर देऊ शकतो. आकड्याला तसे उत्तर देता येत नाही. केंद्राच्या आदर्श कारखाना नियमांत कामाच्या खोलीतील हवेचे ओल्या फुग्याचे तापमान, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजले असता, ३० अंशांपेक्षा जास्त नसावे आणि हवेचा वेग मिनिटाला किमान ३० मीटर असावा, असे माप दिले आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून घेतलेल्या या तापमानात आर्द्रतेचा हिशेब आपोआप येतो. ओला-कोरडा तापमापक फार महाग नसतो. संघटनेने वर्गणीतून दोन घ्यावेत. एक भट्टीजवळ आणि एक नॉकआउटपाशी (साचे फोडून ओतीव भाग मोकळे करतात तिथे), रोज ठरावीक वेळांना, उदाहरणार्थ सकाळी दहा, दुपारी एक, तीन आणि साडेचार वाजता नोंद घ्यावी आणि साध्या वहीत तारीख, वेळ, जागा, दोन्ही आकडे व नोंद घेणाऱ्याची सही लिहावी. एखाद्या दिवशी नोंद राहिली तर ती मागाहून अंदाजाने भरू नये. एक खोटा आकडा सापडला की बाकीचे खरे आकडेही संशयित ठरतात.

मात्र भट्टीपुढच्या कामाला एवढी मोजणी पुरेशी नाही, कारण तिथे हवेपेक्षाही थेट अंगावर येणारी झळ अधिक त्रास देते आणि ती ओल्या फुग्याच्या तापमानात पुरेशी दिसत नाही. त्यासाठी काळ्या गोळ्याचा तापमापक जोडलेले, झळ, आर्द्रता आणि हवेचे तापमान एकत्र धरणारे डब्ल्यूबीजीटी नावाचे मापन वापरतात. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतेला सरावलेल्या माणसाने मध्यम कष्टाचे काम सलग करायचे असेल तर हा निर्देशांक साधारण २८ अंशांपर्यंत असावा. काम अधिक जड असेल तर मर्यादा २६ पर्यंत खाली येते. ती ओलांडली म्हणजे काम बंदच करावे असे नाही, पण कामात विश्रांती मिसळावी लागते. हे यंत्र संघटनेने विकत घेण्याची गरज नाही. सक्षम संस्थेकडून ही मोजणी मे महिन्याच्या दुपारी, पूर्ण उत्पादन चालू असताना आणि कामगार प्रतिनिधीच्या उपस्थितीत व्हावी, अशी लेखी मागणी करावी. सकाळी आठ वाजता भट्टी तापण्याआधी मोजणी उरकण्याची कला काही ठिकाणी चांगलीच विकसित झाली आहे, म्हणून वेळेचा आग्रह धरा.

आपला दुसरा प्रश्न काम थांबवण्याचा आहे आणि इथे मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. धोका वाटला की कामगाराने काम सोडून बाजूला व्हावे आणि त्याच्या केसालाही धक्का लागू नये, इतक्या स्वच्छ शब्दांत हा हक्क आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. जे आहे ते असे : संहितेच्या कलम १४ प्रमाणे गंभीर इजा, मृत्यू किंवा आरोग्यास तातडीचा धोका होण्याची वाजवी भीती कामगाराला वाटली तर तो ती मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाला धोका पटला तर त्याने ताबडतोब उपाय करून निरीक्षकाला अहवाल पाठवायचा. पटला नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे लगेच पाठवणे त्याला भागच आहे आणि धोका आहे की नाही यावर निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. जुन्या अधिनियमातील कलम ४१-एच याच धर्तीचे होते. ते धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी होते आणि त्या कारखान्यांच्या अनुसूचीत फौंड्रीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे व्यवस्थापनाने आपली फौंड्री ‘साधा कारखाना’ असल्याचे म्हटले तरी कायदा तिला तसे मानत नाही.

या कलमाचा उपयोग करायचा तर त्या दुपारी कागद तयार असला पाहिजे. सूचनेचा मसुदा आधीच छापून ठेवावा, त्यात तारीख, वेळ, जागा, तापमानाचा आकडा आणि त्रास झालेल्या कामगारांची नावे भरण्यापुरती जागा सोडावी, एक प्रत व्यवस्थापकाच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी आणि दुसरी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयाकडे त्याच दिवशी ईमेलने पाठवावी. पोच नाकारली तर तसा शेरा लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी तक्रार, ती कितीही जोरात केली तरी, संध्याकाळी उरत नाही.

सगळ्यांनी मिळून दुपारी बारा वाजता हत्यारे खाली ठेवणे मात्र वेगळे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तो संप ठरतो आणि त्यासाठी १४ दिवसांची पूर्वसूचना लागते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यातही १४ दिवसांचीच सूचना आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर नव्या संहितेत तोही संपच मानला जातो, त्यामुळे “सामुदायिक रजा टाकू” हा नेहमीचा तोडगा आता सुरक्षित राहिलेला नाही. शिवाय ओतकामात एक तांत्रिक बाब आहे जी आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल : लेडल, म्हणजे वितळलेला धातू ओतण्याचे भांडे, भरल्यावर मध्येच थांबता येत नाही. थांबायचे असेल तर हीट, म्हणजे भट्टीतील वितळलेल्या धातूची एक खेप, काढण्याआधी ठरवायला हवे. त्यामुळे किती आकड्याला पुढची हीट लांबवायची, हे आयत्या वेळच्या संतापावर न सोडता आधीच करारात लिहून घेणे, हाच काम थांबवण्याचा खरा मार्ग आहे. एखाद्या कामगाराला चक्कर, मळमळ, तीव्र डोकेदुखी किंवा पेटके येत असतील तर त्याने बाजूला होणे हा संप नाही, तो आजार आहे. त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहायला लावू नये. लेखी सूचना दिल्याबद्दल कोणावर बदली, निलंबन वा बडतर्फीची सूडबुद्धीची कारवाई झाली, तर ती अनुचित श्रम प्रथा ठरते आणि १९७१ च्या कायद्याखाली घटनेपासून ९० दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. ही मुदत वाटाघाटींच्या आशेवर घालवून बसणारे बरेच जण असतात.

आता भत्त्याविषयी. घेऊ नका, निदान ज्या स्वरूपात देऊ केला आहे त्या स्वरूपात तर नाहीच. माझे मत काही सभासदांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे, कारण महिन्याला हजार रुपये ही घरात लागणारी रक्कम आहे आणि बाहेरून उपदेश करणे सोपे असते. तरीही, एकदा भत्ता स्वीकारला की पुढच्या प्रत्येक बैठकीत “त्याचे पैसे तुम्ही घेता ना?” हे वाक्य ऐकावे लागेल आणि छपराचा, विश्रांतीचा, पाण्याचा विषय तिथेच संपेल. मालकाच्या बाजूने हिशेब करून पाहा : २९० माणसांना रोज ४० रुपये म्हणजे दिवसाला ११,६०० रुपये आणि महिन्याच्या २६ दिवसांचे तीन लाखांच्या वर. प्रत्यक्षात देऊ केलेला भत्ता कंत्राटी कामगारांना मिळणार आहे का, हे आपल्या पत्रात नाही. मिळणार नसावा, असे मला वाटते. एवढ्याच पैशात पत्र्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग, छपरावरचे टर्बो व्हेंटिलेटर आणि भट्टीपुढे ॲल्युमिनियमचे झळरोधक पडदे यांची चांगली सुरुवात होऊ शकते आणि ती दर वर्षी कामाला येते. तरीही बहुमत भत्त्याच्या बाजूने गेले, तर करारात एक वाक्य लिहून घ्या, की हा भत्ता सुरक्षा व आरोग्यविषयक कोणत्याही वैधानिक जबाबदारीच्या बदल्यात दिलेला नाही. या वाक्याला व्यवस्थापन खळखळ करू लागले, तर भत्ता कशासाठी देऊ केला होता हे सभासदांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मागायचे काय, यात मी क्रम सुचवतो तो परिणामकारकतेचा आहे. सर्वांत आधी कामाची मांडणी : एप्रिल-मेपुरत्या पाळ्यांच्या वेळा बदलून जड ओतकाम आणि नॉकआउट शक्यतो पहाटे व सकाळी आणणे, दुपारी एक ते चार या वेळेत हीटची संख्या कमी ठेवणे आणि भट्टीपुढे माणसे आलटून-पालटून लावणे. यावर वीजदराचा मुद्दा निघेल. पूर्वी रात्रीच्या विजेला सवलत असल्याने अनेक फौंड्र्या रात्री भट्टी चालवत. आता सवलत दिवसाच्या सौर ऊर्जेच्या तासांकडे सरकत असल्याने नेमक्या टळटळीत दुपारी भट्टी पेटवण्याचा मोह वाढणार आहे. व्यवस्थापनाची ही अडचण खरी आहे, ती नाकारू नका. पण मग त्या तासांत मनुष्यबळ वाढवून प्रत्येकाचा भट्टीपुढचा वेळ कमी करणे हा त्या सवलतीतूनच भागवायचा खर्च आहे, असे म्हणता येते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या पत्रात कारखाने व खाणींसाठी कामाचा वेग कमी ठेवणे, वेळा लवचीक ठेवणे आणि भर उन्हाच्या तासांत दोन-दोन माणसांच्या जोड्या लावणे या सूचना होत्या. त्या बंधनकारक नाहीत, तरी वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचे वजन पडते, कारण त्या संघटनेने रचलेल्या नाहीत. कामाचे तास व विश्रांतीच्या वेळा बदलायच्या तर मालकाला २१ दिवसांची सूचना द्यावी लागते, पण बदल करारानेच होत असेल तर हा काळ वाट पाहण्याची गरज नसते. यंदाचा उन्हाळा हातचा जाऊ नये म्हणून करारच करा.

याच संदर्भात एक सावधगिरी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक असल्याचे सांगितले. कोऱ्या संमतीपत्रांवर सह्या करू नका, असे सभासदांना बजावून ठेवा. भट्टीपुढे नवव्या तासानंतर शरीर ज्या अवस्थेत असते, त्या अवस्थेत दुप्पट दराचा मोहही महाग पडतो.

विश्रांती म्हणजे जेवणाची सुट्टी नव्हे. झळ लागणार नाही अशा, भट्टीपासून दूर, वारा येणाऱ्या जागी दर तासाला काही मिनिटे बसता आले पाहिजे आणि ती मिनिटे उत्पादनाच्या कोट्यातून वजा झाली पाहिजेत. नाहीतर कामगार कोटा भरण्यासाठी स्वतःच विश्रांती सोडून देतो. पाणी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये, आणि एका तासात दीड लिटरच्या वर जाऊ नये, कारण नुसते पाणी अतोनात पिऊन क्षार कमी होणे हाही धोका आहे. जलसंजीवनी, ताक, लिंबू सरबत यांची सोय जरूर मागा. पण एक हंडा ताक ठेवून फोटो काढला जातो आणि त्यालाच उपाययोजना म्हटले जाते, तेव्हा ते ताक पिऊनही आभार मानू नयेत.

पंखे आणि कूलर यांबाबत जपून. झळ थेट किरणांनी येते, ती पंख्याने अडत नाही, आणि चुकीच्या जागी लावलेला मोठा पंखा वाळूची बारीक धूळ सगळ्यांच्या छातीत पोहोचवतो. वितळलेल्या धातूच्या आसपास पाण्याचे फवारे किंवा गळके कूलर लावू नयेत. पाण्यावर वितळलेले लोखंड पडले तर होणारा स्फोट उष्माघातापेक्षा लवकर जीव घेतो. गार हवा द्यायची ती विश्रांतीच्या जागी.

आता त्या २६ वर्षांच्या मुलाविषयी, ज्याच्यामुळे आपण हे पत्र लिहिले असावे. असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची सर्वांत ठळक खूण आहे. अशा वेळी शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदू, मूत्रपिंडे व यकृत यांना इजा होण्यास फार वेळ लागत नाही. त्याला सावलीत नुसते बसवणे चूक होते आणि एकट्याला घरी पाठवणे तर अक्षम्य. एप्रन आणि बूट काढून, अंगावर भरपूर पाणी ओतून, मानेला, काखेत व जांघेत बर्फ लावून, वारा घालत १०८ ला फोन करायला हवा होता. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम प्रत्येक पाळीतील किमान चार जणांना पाठ असावा. तालमीचा उल्लेखही चुकीच्या बाजूने केला गेला : कसलेला गडी जास्त जोर लावतो, त्याच्या स्नायूंत उष्णताही जास्त तयार होते, आणि थांबणे त्याला कमीपणाचे वाटते. शरीराला उष्णतेचा सराव होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या कामगाराला पहिल्या दिवशी भट्टीपुढे पूर्ण पाळीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि ते रोज थोडे-थोडे वाढवावे, असे व्यावसायिक आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात. गावच्या जत्रेहून किंवा आजारातून परतलेल्या जुन्या कामगारालाही निम्म्यापासून सुरुवात हवी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि आदल्या रात्रीच्या दारूने धोका वाढतो, हेही सभेत संकोच न करता सांगावे.

त्याची नोंद झाली नाही, ही गोष्ट अजूनही सोडून देऊ नका. कामाच्या ठिकाणी, कामाच्या ओघात झालेली ही इजा आहे. तो कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे, त्या दिवसाची हजेरी, रिक्षाने नेणाऱ्याचा व सोबतच्या दोघा-तिघांचा लेखी जबाब एकत्र करून योजनेच्या कार्यालयात अर्ज करावा आणि अपघात नोंदवहीत नोंद घेण्याची मागणी व्यवस्थापनाकडे लेखी करावी. मूत्रपिंडांची तपासणीही एकदा करून घ्यावी. उष्माघातानंतर त्यांवरचा परिणाम लगेच दिसतोच असे नाही.

शेवटी कंत्राटी कामगारांचा मुद्दा, जो आपण प्रश्न म्हणून विचारलेला नाही, पण माझ्या मते आपल्या हातातील सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. कारखाने अधिनियमातील ‘कामगार’ या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही मोडत होता. २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देण्याची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम १८ मध्ये होती. व्यवस्थापन १८० हा आकडा धरत असेल तर ते चुकते आहे. खरा आकडा २९० आहे. वैद्यकीय तपासणी, सुरक्षा साधने, विश्रांतीची जागा या सर्व बाबींत हाच आकडा लागू करून घ्यावा. मागणीपत्रावर कंत्राटी कामगारांच्या सह्या घेण्यास काही सभासद कचरतील, “त्यांचे त्यांनी पाहावे” असेही कोणी म्हणेल. त्यांना एवढेच विचारावे, की ओतकामावर दुपारच्या पाळीत आपल्यापैकी किती कायम कामगार उभे असतात. मागणीपत्र मार्चअखेर दिले तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बैठक लागू शकते. त्यासोबत नोंदवहीतील पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे जोडा आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही द्या.